भिंत कुणाची, चित्र कुणाचे?

मराठी माणसाचे आणि भिंतीचे नाते फार जुने. ज्ञानेश्वरांनी ती चालवली, म्हण रचणाऱ्यांनी तिला कान दिले आणि ज्यांच्या हाती ना छापखाना होता ना व्यासपीठ, त्यांनी तिला तोंड दिले. 'चले जाव'ची हाक असो की संयुक्त महाराष्ट्राची मागणी, रात्री डांबराचा डबा आणि काथ्याचा कुंचा घेऊन निघालेल्या तरुणांनी ती भिंतीवर लिहिली आणि सकाळी दूध आणायला निघालेल्या गावाने ती वाचली.

आमच्या वसई-विरारच्या पट्ट्याला तर अशा उघड्यावरच्या लिखाणाचा सव्वादोन हजार वर्षांचा वारसा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडा मिळाला. आज तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. राजाला प्रजेशी बोलायचे होते, म्हणून त्याने बंदरातल्या येत्या-जात्या माणसाच्या नजरेला पडेल असा दगड निवडला. वसईच्या किल्ल्यात जा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या त्या तटांवर, पडक्या चर्चच्या गिलाव्यावर आज कुणाकुणाची नावे खिळ्याने कोरलेली दिसतील. मध्ये बदाम आणि त्यातून गेलेला बाण. अशोकाचा लेख आणि हा बदाम यांची तोलामापाने बरोबरी होणार नाही हे उघडच आहे. पण दोहोंमागची ऊर्मी एकच : मी इथे होतो, मला काही सांगायचे आहे, आणि ते जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावे.

विरारला राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली. या वर्षांत इथल्या भिंतींचे बोलणे कसे बदलत गेले ते मी पाहिले आहे. आधी भिंतींवर मूळव्याध-भगंदराचे हमखास इलाज असत, निवडणुकीतल्या उमेदवारांची निळी-भगवी नावे असत, आणि जिथे काहीच नसे तिथे 'येथे घाण करू नये' असे. मग गेल्या काही वर्षांत त्याच भिंती गेरूच्या रंगाने सारवल्यासारख्या लाल झाल्या आणि त्यांवर पांढरी माणसे उमटू लागली. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केलेले, वर एक गोल डोके, काड्यांसारखे हातपाय. ही माणसे नाचतात, भात लावतात, ताडावर चढतात, बैलगाडी हाकतात. सोसायट्यांच्या कुंपणावर, शाळांच्या पडवीत, अर्नाळ्याकडच्या रिसॉर्टांच्या फाटकावर, लग्नाच्या हॉलच्या दर्शनी भिंतीवर ती आहेत. मुले शाळेच्या वहीतही तीच काढतात.

'वारली पेंटिंग' एवढे आपल्याला ठाऊक असते. ते कुणी काढले, हा प्रश्न मात्र कुणाला पडत नाही. हा प्रश्न आपल्याला पडायला हवा असे मला वाटते. कारण या पांढऱ्या माणसांच्या मागे एक खराखुरा माणूस होता आणि तो आपल्याच जिल्ह्यातला होता.

खडू आणि पीठ

'ग्राफिटी' म्हटले की मराठी वाचकाला वर्तमानपत्राच्या चौकटीतली एका ओळीची कोटी आठवते. मूळ ग्राफिटी ही भिंतीची गोष्ट. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सने 'टाकी १८३' अशी सही शहरभर करत फिरणाऱ्या एका पोरसवदा मुलावर बातमी छापली. १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. मग शेकडो मुले तशीच नावे भुयारी रेल्वेच्या डब्यांवर रंगवू लागली. ही मुले स्वतःला चित्रकार म्हणवत नसत, 'लिहिणारे' म्हणवत. सारा खेळच नावाचा होता. ज्या अफाट शहरात आपल्याला कुणी ओळखत नाही, तिथे आपले नाव सगळ्यांना वाचायला लावायचे.

याच न्यूयॉर्कमध्ये १९८० च्या सुमारास कीथ हेरिंग नावाचा विशीतला तरुण भुयारी स्थानकांत चित्रे काढू लागला. जाहिरातीच्या ज्या चौकटींचे भाडे संपलेले असे, त्यांवर रेल्वेवाले काळा कागद चिकटवत. हेरिंग पांढऱ्या खडूने त्या कागदावर झपाझप माणसे काढी. त्यांना नाक-डोळे नाहीत, कपडे नाहीत. फक्त बाह्यरेषा आणि हालचाल. नाचणारी, रांगणारी, एकमेकांना उचलून धरणारी माणसे. पोलिसांनी त्याला अनेकदा पकडले. पुढे जग त्याला डोक्यावर घेऊन नाचले आणि १९९० च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, एड्सने तो गेला.

हेरिंगची ती खडूची चित्रे पाहताना मराठी डोळ्याला चटकन काही ओळखीचे दिसते. गडद पार्श्वभूमी, पांढरी रेष, बिनचेहऱ्याची माणसे, सगळी हलती. डहाणू-तलासरीच्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने हेच तर पिढ्यान् पिढ्या चालले होते! आणि आणखी एक गंमत म्हणजे, न्यूयॉर्कची मुले जसे 'लिहितो' म्हणत, तसेच वारली बायकाही लग्नाचा चौक 'काढत' नाहीत. त्या तो 'लिहितात'.

फरक मात्र मुळातला आहे. न्यूयॉर्कच्या मुलाला आपले नाव भिंतीवर हवे होते. वारली बाईच्या चित्रावर नाव नसे, कारण ते चित्र तिचे एकटीचे नसे. या दोन टोकांच्या मध्ये जो माणूस उभा राहिला, त्याचे नाव जिव्या सोमा म्हसे.

बोलणे थांबलेला मुलगा

जिव्या म्हसे यांचा जन्म १९३४ च्या सुमारास तलासरी भागातील धामणगावचा. सात वर्षांचा असताना त्यांची आई गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणेच थांबले. घरच्यांना, गावकऱ्यांना काही सांगायचे झाले की तो खाली बसे आणि मातीत बोटाने रेघोट्या ओढून दाखवी. बोलीची जागा रेषेने घेतली. पुढे तो डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यात राहायला आला आणि आयुष्यभर तिथलाच झाला.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. जिव्या अकरा वर्षांचा असताना, १९४५ साली, त्याच तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे हा लढा मराठी घरांत पोहोचला. जमीन सावकाराची, जंगल सरकारचे आणि अंगमेहनत तेवढी वारल्याची, अशी ती स्थिती होती. त्यात 'लग्नगडी' नावाची एक प्रथा होती. लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्याकडे वर्षानुवर्षे राबायचे, पुष्कळदा जन्मभर.

हा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. कारण ज्या लग्नात घराच्या भिंतीवर पांढऱ्या पिठाने मंगल चौक लिहिला जाई, त्याच लग्नात सावकाराच्या चोपडीत काळ्या शाईने कर्जही लिहिले जाई. आपण आज हॉलच्या भिंतीवर ती नाचणारी माणसे पाहून 'किती आनंदी लोक!' असे म्हणतो, तेव्हा ही दुसरी नोंद आपल्याला दिसत नाही.

चौक लिहिणाऱ्या बायका

वारल्यांचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काड्या उभ्या-आडव्या बांधायच्या, त्यांवर माती-शेणाचा लेप द्यायचा आणि वरून गेरूचा हात फिरवायचा. या लाल-तपकिरी भिंतीवर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून चित्र लिहायचे. कुंचा म्हणजे बांबूची बारीक काडी, टोक चघळून मऊ केलेली. रंग एकच, पांढरा. आकार तीनच : गोल, त्रिकोण, चौकोन. गोल सूर्य-चंद्राचा, त्रिकोण डोंगराचा आणि झाडाच्या शेंड्याचा, आणि चौकोन म्हणजे माणसाने आखलेली पवित्र जागा. तोच चौक.

लग्नाच्या चौकात मधोमध पालघट देवी. ती सुफलतेची, झाडाझुडपांची देवी. जवळच्या लहान देवचौकात पंचशिऱ्या, पाच डोक्यांचा देव. भोवती नक्षीच्या पट्ट्या आणि त्यांच्या बाहेर सारे जग : झाडे, माकडे, मोर, तारप्याचा नाच. हा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, सवाशिणी लिहितात आणि चौक पुरा झाल्याखेरीज लग्न लागत नाही. काही दिवसांनी पीठ झडते, पावसाळ्यात भिंत ओली होते, पुन्हा सारवण होते. चित्र जाते. त्याचे कुणालाही दुःख नसते. पुढच्या लग्नाला नवा चौक येतोच.

म्हणजे ही ना सजावट होती, ना विक्रीची वस्तू. तो एक विधी होता आणि तो बायकांच्या हातातला होता. जिव्या म्हसे यांनी केलेली पहिली मोडतोड ही की, पुरुष असून त्यांनी हातात काडी घेतली. आणि दुसरी ही की, लग्न नसतानाही ते लिहीत राहिले. रोज, मनात येईल तेव्हा, मनात येईल ते. मातीत रेघा ओढून बोलण्याची सवय ज्याला लागली, त्याला मुहूर्ताची वाट बघवणार कशी?

कागद आला

सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले. हे गृहस्थ विलक्षण होते. १९६६-६७ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला असताना, पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने हस्तकला मंडळाने त्यांना मिथिलेला धाडले होते. तिथल्या बायका घराच्या भिंतींवर जी चित्रे काढत ती त्यांनी कागदावर काढावीत, म्हणजे ती विकता येतील आणि चार पैसे घरात येतील, अशी ती कल्पना होती. आज 'मधुबनी' म्हणून घराघरांत असलेल्या चित्रांची बाजारातली वाटचाल तिथून सुरू झाली. तोच अनुभव गाठीशी बांधून कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवर आले. इथेही त्यांनी आधी बायकांचीच चित्रे गोळा केली. आणि मग त्यांना जिव्या भेटले.

पुढचे सारे वेगाने घडले. १९७५ साली मुंबईत केकू गांधींच्या केमोल्ड गॅलरीत जिव्या म्हसे यांची चित्रे लागली. १९७६ साली ती फ्रान्समधल्या माँतों या गावी गेली आणि त्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने 'पृथ्वीचे जादूगार' अशा अर्थाच्या नावाचे एक मोठे प्रदर्शन भरवले. जगभरचे नामांकित आधुनिक चित्रकार आणि जगभरचे आदिवासी, लोककलावंत यांना त्यात शेजारी शेजारी, एकाच मानाने बसवले होते. त्यात कळंबीपाड्याचे जिव्या म्हसे होते. त्याच प्रदर्शनात इंग्लंडचा रिचर्ड लाँग होता. मैलोन् मैल चालत जाणे आणि वाटेत दगड, माती, काटक्या यांनी वर्तुळे-रेषा मांडणे हीच त्याची कला. २००३ साली हा लाँग वारल्यांच्या मुलुखात येऊन राहिला, शेतांतून चालला, आणि त्याच वर्षी जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात दोघांचे संयुक्त प्रदर्शन झाले. २००९ साली नेदरलँड्सचा प्रिन्स क्लॉस पुरस्कार, २०११ साली 'पद्मश्री'. १५ मे २०१८ रोजी जिव्या म्हसे गेले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार.

ही यादी वाचून कुणाला वाटेल, हा माणूस पाड्यावरून उठला आणि परदेशातच स्थायिक झाला. तसे मुळीच नाही. प्रदर्शन आटोपून ते कळंबीपाड्यात परत येत. शेत, गुरे आणि चित्र असा त्यांचा दिनक्रम राही.

जाळे, मुंग्या आणि हालचाल

त्यांनी चित्रात नवे काय आणले? वरवर पाहता तीच माणसे, तीच झाडे. पण नीट पाहिले की फरक कळतो. विधीच्या चौकात मध्यभाग देवीचा. जिव्यांच्या कागदावर ती चौकट सुटली आणि सारा कागद मोकळा झाला. त्यांची 'जाळे' या विषयावरची चित्रे प्रसिद्ध आहेत. कागदभर पसरलेले मासे पकडण्याचे जाळे, त्याचा एकेक डोळा इतक्या बारीक, थरथरत्या रेषांनी विणलेला की बघणाऱ्याला पाण्याची लाट जाणवावी. आणि एका कडेला ते फेकणारा इवलासा माणूस. कधी वारुळातल्या मुंग्यांची रीघ, कधी उडणारे पक्षी, कधी भातकापणी, कधी तारप्याभोवती फिरणारी माणसांची माळ. माणूस, पाखरू, किडा, झाड सारे रात्रंदिवस हलत असते आणि ते हलणे म्हणजेच जगणे, अशी त्यांची धारणा होती. माणूस त्यांच्या चित्रात कधी झाडापेक्षा मोठा होत नाही.

म्हणूनच नक्कल चटकन ओळखू येते. नक्कल करणारा दोन त्रिकोण जोडतो आणि माणूस उभा करतो. जिव्या त्या त्रिकोणांना कमरेत असे काही वाकवीत की माणूस चालू लागे.

सहीने काय दिले, काय नेले?

जिव्या म्हसे यांनी कागदाच्या कोपऱ्यात आपले नाव घातले आणि वारली चित्राला प्रथमच 'कुणाचे' या प्रश्नाचे उत्तर मिळाले. 'आदिवासी लोक असे काहीतरी काढतात' या मोघम वाक्याच्या जागी एका माणसाचे, एका गावाचे नाव आले. ही मोठीच गोष्ट होती. ज्या समाजाचे नाव सावकाराच्या वहीत फक्त कर्जदार म्हणून चढे, त्यातल्या एकाचे नाव पॅरिसच्या पत्रिकेवर कलावंत म्हणून छापले गेले. त्यांच्या मागोमाग डहाणू, जव्हार, विक्रमगड, तलासरीच्या कितीतरी तरुणांनी काडी हातात घेतली. त्यांच्या घरात कलेचा पैसा आला, मुले शिकली. साधारण २०१४ पासून वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. पैठणी जशी येवल्या-पैठणची, तशी ही कला वारल्यांची, असे कायद्याने मान्य झाले आहे.

पण जमेबरोबर खर्चही मांडावा लागतो. कागद आला, पैसा आला आणि ज्या कलेची सूत्रे सवाशिणींच्या हातात होती, तिच्यातली ठळक नावे पुरुषांची झाली. बायका आजही चित्रे काढतात, उत्तम काढतात. पण चौक लिहिणारी ती पहिली पिढी नावानिशी आपल्याला माहीत नाही. आणि दुसरे असे की, पाड्यांवरची कुडाची घरे कमी होऊन विटा-सिमेंटची घरकुले होत आहेत. ती व्हावीतच, पावसाळ्यात गळणारे घर आपल्याला चित्रासाठी सुंदर वाटते, त्यात राहणाऱ्याला ते गळतेच. मात्र त्यामुळे एक विचित्र अदलाबदल झाली. वारल्यांच्या भिंतीवरचे चित्र कागदावर गेले, कागदावरून ते साडीवर, कपांवर, भेटकार्डावर गेले आणि शेवटी आपल्या शहरांच्या सिमेंटच्या भिंतींवर परत भिंतचित्र होऊन बसले. भिंत परत मिळाली. पण नाव पुन्हा गळून पडले.

फुटाच्या दराने

मध्यंतरी आमच्या भागात एका सोसायटीच्या कुंपणाचे रंगकाम चालले होते. एक तरुण पेंटर हातातल्या मोबाइलवरचे चित्र बघून भिंतीवर तारपा नाच उतरवत होता. हात चांगला होता, रेष स्वच्छ होती. मी विचारले, "हे कुठले चित्र?" तो म्हणाला, "वारली है, अंकल. आजकल सबको यही चाहिए." काम चौरस फुटाच्या दराने होते. तो मूळचा उत्तरेकडचा; इथे येऊन दुकानांच्या पाट्या रंगवायचा, फ्लेक्सने तो धंदा बसवल्यावर भिंतींकडे वळलेला. वारली हे माणसांचे नाव आहे, आणि ती माणसे याच तालुक्यात राहतात, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याला काम देणाऱ्यांनाही ते सांगावेसे वाटले नव्हते.

त्या तरुणाला दोष देण्याचे कारण नाही. पोटासाठी तो त्याला सांगितलेले काम करत होता, आणि त्याचेही नाव त्या भिंतीवर येणार नव्हतेच. दोष असलाच तर आपल्या सवयीचा आहे. आपल्याला चित्र हवे असते, चित्रकार नको असतो.

आणि तो चित्रकार काही दूर नाही. वसई तालुक्याच्याच पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराभोवती, पारोळ-भाताण्याकडे वारल्यांचे, कातकऱ्यांचे, मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा डहाणू-तलासरी आणि वसई-विरार एकाच जिल्ह्यात राहिले. विरारहून डहाणूला लोकलने जाता येते. आपल्या नळाला येणारे सूर्या नदीचे पाणी धामणीच्या धरणातून, म्हणजे त्याच आदिवासी मुलुखातून येते. पाणी त्यांच्याकडचे, मजुरी त्यांच्याकडची, ताडगोळे आणि पावसाळी रानभाज्या त्यांच्याकडच्या, आणि आता भिंतीवरची शोभाही त्यांच्याकडची. एवढे सारे घेतो, तर त्याबरोबर नाव घ्यायला काय हरकत आहे?

सार्वजनिक भिंती खराब करू नयेत म्हणून आपल्याकडे १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंधक कायदा आहे. भिंतीवर परवानगीशिवाय रंग लावला तर दंड होतो, आणि ते योग्यच आहे. पण भिंतीवर दुसऱ्याची कला बिननावाने लावली तर आपल्या मनालाही काही लागत नाही. भौगोलिक मानांकन आहे खरे. पण सोसायटीच्या कुंपणावर कोण तपासायला येणार? तिथे कायद्यापेक्षा रीत उपयोगी पडते. आणि रीत पाडायला पालिकेच्या ठरावाची किंवा मोठ्या पैशाची गरज लागत नाही.

पहिली रीत अशी की, सोसायटीला, शाळेला, हॉलला वारली चित्र हवे असेल तर ते वारली कलावंताकडूनच करून घ्यावे. जिल्ह्यात असे हात भरपूर आहेत, त्यांत बायकांचेही आहेत. दुसरी रीत अशी की, चित्राच्या कोपऱ्यात वीतभर जागा सोडून तिथे काढणाऱ्याचे नाव आणि पाड्याचे नाव घालावे. आपण देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतो, बाकड्यावर नगरसेवकाचे रंगवतो. मग भिंत ज्याने जिवंत केली त्याच्यासाठी दोन ओळी जड होऊ नयेत. आणि तिसरी रीत शाळांसाठी. मुलांना दोन त्रिकोण जोडायला शिकवतोच; त्याबरोबर पालघट देवी कोण, चौक कोण लिहिते आणि जिव्या सोमा म्हसे नावाचा न बोलणारा मुलगा मातीत काय काढत होता, एवढे सांगावे. अर्ध्या तासाचा तास आहे तो. पण त्यानंतर मूल ती भिंत निराळ्या नजरेने पाहील.

कुणी म्हणेल, वारली चित्रावर मुळात नावच नव्हते, मग आता एवढा आग्रह कशाला? युक्तिवाद सोयीचा आहे, पण खरा नाही. कुडाच्या भिंतीवरच्या चौकाला सहीची गरज नव्हती, कारण पाड्यावरच्या प्रत्येकाला तो लिहिणारी ठाऊक होती. तिला मान होता, लग्नात तिच्यावाचून अडत होते. त्या बिननावाच्या चित्रामागे ओळख होती. आपल्या कुंपणावरच्या बिननावाच्या चित्रामागे ती नाही. तिथले निनावीपण समाजाचे होते, इथले कंत्राटाचे आहे.

या रविवारी मुलांना घेऊन बाहेर पडाल तेव्हा जवळच्या एखाद्या भिंतीवरचा तारपा नाच जरा थांबून पाहा. दुधीभोपळ्याचे ते लांब वाद्य वाजवणारा मधोमध असतो आणि हातात हात गुंफून माणसांची रांग त्याच्याभोवती फिरते. तो जिकडे वळेल तिकडे रांग वळते. त्या नाचाचा एक नियम आहे : तारप्याकडे पाठ करायची नाही. ज्याला हा नियम ठाऊक आहे त्याच्या हातून उतरलेला नाच आणि मोबाइलवरून उतरवलेला नाच यांत फरक राहतोच. मुलांना तो शोधायला सांगा. आणि मग कोपऱ्यात कुणाचे नाव आहे का, तेही बघा. नसेल तर सोसायटीच्या पुढच्या सभेत विषय काढा. इतर कामकाजात दोन मिनिटांत तो निकाली निघेल.